टोपीवाल्यांची भिंत

माझे सासरे लोकांना टोप्या घालून पोट भरतात. लग्नाच्या बोलण्यांत त्यांनी स्वतःच असं सांगितलं आणि माझ्या वडिलांना ठसका लागला. मग खुलासा झाला. तान्ह्या बाळाचं डोकं एका बाजूला चपटं झालं, तर ते गोल व्हावं म्हणून काही महिने, जवळजवळ दिवसरात्र, एक हलकं हेल्मेट घालतात. ती हेल्मेटं सासरे बनवतात. त्यांच्या तोंडी मात्र कायम 'टोपी'.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली. प्लास्टिक तापवायची भट्टी, फोमचे पांढरे तुकडे, घासायचं मशीन. टोपीची कड घासून झाली की ते ती स्वतःच्या गालावरून फिरवतात. जराशी बोचली तरी पुन्हा मशीनवर. त्यासाठी रोज न चुकता दाढी करतात. समोरची सबंध भिंत फोटोंनी भरलेली. प्रत्येक बाळाचे दोन, डोक्याच्या वरून काढलेले: आधीचा आणि नंतरचा. कोणी आलं की चहाच्या आधी भिंत दाखवायची, हा त्यांचा शिरस्ता.

आणि अशा माणसाच्या नातीचंच डोकं चपटं निघावं! आमची ठमी चार महिन्यांची झाली तेव्हा मागून उजवीकडे सपाट दिसायला लागली. त्याच बाजूला मान टाकून पडायची तिला खोड. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. कवटीचे सांधे ठीक आहेत, मान थोडी आखडलीय, म्हणाल्या. मानेचे व्यायाम करा, जागी असताना पालथी खेळवा, झोपवायची मात्र पाठीवरच. दोन महिन्यांनी पाहू, फारच राहिलं तर हेल्मेटचा विचार करू.

सासऱ्यांना दोन महिने दम कुठला निघायला! आठवड्याच्या आत पिवळी टोपी घेऊन दारात हजर, वर चिमणी रंगवलेली.

"थांबा बाबा," बायको म्हणाली. "मी आधी वाचते."

माझी बायको बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ती वाचते म्हणाली की वाचते. एकीकडे ती, एकीकडे सासरे. मी आपला ठमीचे लंगोट वाळत घालत राहिलो. शेवटी सासऱ्यांनी आम्हाला वर्कशॉपमध्येच बोलावलं.

"यात वाचायचंय काय?" भिंतीकडे हात करून ते म्हणाले. "ही एवढी पोरं काय खोटी?"

तिनं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "बाबा, यात टोपी न घातलेलं एक तरी बाळ आहे का?"

"न घातलेलं इथं कशाला तडमडेल?"

"तेच म्हणतेय मी. मग त्यांचं पुढे काय झालं, हे तुम्हाला कसं कळणार? बाळ वाढतं तसं डोकं आपसूकही भरतं. आमच्याकडे औषध लावलेलं बी छान उगवलं, एवढ्यावर कोणी टाळ्या वाजवत नाही. शेजारी बिनऔषधाचा वाफा लागतो."

मग तिनं सांगितलं, की एका अभ्यासात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे बाळांचे दोन गट केले होते. एकाला हेल्मेट दिलं, दुसऱ्याला नाही. मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.

सासरे वळले आणि त्यांनी घासायचं मशीन सुरू केलं. हातात घासायला काहीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माणसानं उभी हयात ज्यात घातली, त्याबद्दल पोटच्या पोरीनंच विचारावं, की हे तुमच्यामुळे झालं कशावरून!

दोन दिवस अबोला. मग फोन आला, "तो अभ्यास पाठव. मोठ्या अक्षरात." आणि संध्याकाळी स्वारी लढाई जिंकल्यासारखी दारात.

"अगं, यातल्या कितीतरी पोरांना टोप्या धड बसल्याच नव्हत्या! सरकत होत्या! असला माल मी परत भट्टीत घातला असता."

"खरंय," बायको म्हणाली. "मुलंही थोडीच होती. आणि ठमीसारखी आखडलेल्या मानेची बाळं त्यांनी घेतलीच नव्हती. दुसरे अभ्यास म्हणतात, टोपीनं लवकर फरक पडतो. पण तिथं टोपी घालायची की नाही, ते आईबापांनी ठरवलेलं, चिठ्ठ्यांनी नाही."

"म्हणजे नक्की काय?"

"नक्की असतं तर तुमच्याशी भांडले असते का? तोलायचं, बाबा. दोन महिने व्यायाम करून पाहिला तर टोपीची वेळ काही निघून जात नाही."

त्यांनी बराच वेळ ठमीकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, "मग व्यायाम माझ्याकडे."

आणि घरात धमाल सुरू झाली. सासरे रोज सतरंजीवर पालथे पडायचे, ठमीच्या समोर, नाकाला नाक. ती उजवीकडे वळली की हे सरपटत डावीकडे जाऊन म्हशीसारखे हंबरायचे. ठमी खदखदून हसायची आणि मान वळवायची. सासूबाई म्हणायच्या, "जन्मात कधी कंबर वाकवली नाही, आता बघा कसे लोळताहेत!" पाळण्याचं तोंड फिरवलं, खुळखुळे डावीकडे टांगले. दर रविवारी सासरे मापं घ्यायचे, आणि आकडा सांगण्याआधी पट्टी पुन्हा एकदा लावून बघायचे.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान भरतंय. हेल्मेट नको." सासऱ्यांनी दवाखान्यातच ठमीला वर उचलून गिरकी घेतली. बाहेर आल्यावर पायरीवर थांबले.

"मग त्या भिंतीवरच्या पोरांना माझा उपयोग झाला की नाही गं?"

"काहींना नक्की झाला असेल, बाबा. कोणाकोणाला, ते मात्र सांगता यायचं नाही."

"हं." त्यांनी गालावरून तळहात फिरवला. "कड तरी कोणाला बोचली नाही."

बायकोनं त्यांचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही.

ठमीचे दोन फोटो आता भिंतीवर आहेत. "हा आमचा बिनऔषधाचा वाफा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. बायको हसून म्हणाली, "एका रोपाचा वाफा होत नाही, बाबा." त्यांनी ते मनावर घेतलं. कोणी डॉक्टरांना न विचारता थेट टोपी मागायला आलं, तर ते त्यांना आधी सतरंजीवर पालथं पडून दाखवतात आणि परत पाठवतात. वर बजावतात, "टोपी लागली नाही, तरी वाढदिवसाला फोटो पाठवा."

फोटो यायला लागलेत. जुने फोटो सरकवून मोकळी केलेली भिंतीची उजवी बाजू भरत चाललीय. त्यातली काही डोकी अजून जराशी वाकडी आहेत. तेही फोटो सासऱ्यांनी लावलेत, अगदी मधोमध.