तळघरातला ऑपरेटर

माझा मामा बावीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात टेलिफोन ऑपरेटर होता. खोली एवढीशी की खुर्ची मागे सरकवली तर भिंतीला टेकायची. खिडकी नाही, आणि पलीकडच्या बॉयलरची धग भिंतीतून यायची. बाहेर मळक्या चादरींच्या ट्रॉल्यांचा खडखडाट चाललेला असायचा, तरी त्याचं दार सताड उघडं. लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणायचे.

वरच्या मजल्यावर बसायला मिळावं म्हणून त्याने एकदाच विचारलं होतं. व्यवस्थापक हसले. "अहो, तुम्ही गाडले गेलात तरी रिसीव्हर सोडला नाहीत. तुम्हाला तळघराचं काय?" त्यांच्यामागच्या भिंतीवर मामाचा पदकासकट फोटो होता. फोटोतल्या माणसाला भीती वाटत नव्हती, त्यामुळे मामालाही वाटून चालणार नव्हतं. तो परत खाली आला.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. मामा युद्धात फोनवर होता. बंकरवर गोळा पडला, छप्पर कोसळलं. एकोणीस तासांनी त्याला बाहेर काढलं, तेव्हा रिसीव्हर कानाला तसाच. दरवर्षी हॉस्पिटलच्या कार्यक्रमात कोणीतरी हे माइकवरून सांगायचं, मामा उभा राहायचा, टाळ्या व्हायच्या, मामा बसायचा. त्या दिवशी तो घरी जेवायचा नाही. त्याची धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, ताट झाकून ठेवायची. "दादा, लोक एवढं कौतुक करतात आणि तुझं तोंड हे असं."

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी तो मला म्हणाला, "उद्या मोकळी आहेस? एका ठिकाणी जायचंय. एकट्याचा पाय उचलत नाही."

बसमध्ये त्याने खरं काय ते सांगितलं. बंकरमध्ये तो एकटा नव्हता. तुकडीचा आचारी चहा घेऊन आला होता, तेवढ्यात छप्पर आलं ते दोघांवर. आचाऱ्याचे पाय तुळईखाली अडकले. मामाचा एक हात तेवढा मोकळा होता. फोनवर पलीकडचं ऐकू येत होतं, पण बोलायच्या भागाचा चुरा झाला होता, त्यामुळे इकडचा आवाज तिकडे जात नव्हता. पहिल्याच तासात मामाने ऐकलं, "दोघंही गेले. खणायला आत्ता माणसं नाहीत. घरी कळवून टाका."

"काय म्हणतायत?" आचाऱ्याने विचारलं.

"निघालेत," मामा म्हणाला.

मग चौदा तास तो हेच करत राहिला. फावडी आणतायत, वरची माती काढतायत, आता थोडंच राहिलंय. रिसीव्हर कानावरून काढला असता तर आचाऱ्याला कळून चुकलं असतं. पंधराव्या तासाला आचाऱ्याने काही विचारलंच नाही. माणसं आली ती त्यानंतर, आणि तीही आधी टेलिफोनचं यंत्र बाहेर काढायला.

"मग पुढचे पाच तास कशाला धरून ठेवलास?" मी विचारलं.

"खाली ठेवायला जागा नव्हती."

आचाऱ्याच्या बायकोचं शिवणाचं दुकान एका गल्लीत, रस्त्यापासून चार पायऱ्या खाली होतं. मामा वरच्या पायरीवर थबकला. मग जीव मुठीत धरून उतरला.

बाईंनी त्याला पेपरात आलेल्या फोटोवरून ओळखलं, खुर्ची दिली. नवरा जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंही नाही, असं पत्र त्यांना आलं होतं. मामाने उभ्यानेच सगळं सांगितलं. बाई मशीनवरच्या कापडाची घडी घालत राहिल्या, मोडून पुन्हा घालत राहिल्या.

"तो एका क्षणात गेला, एवढ्या आधारावर मी दिवस काढले," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोकळे झालात. आता हे चौदा तास मी कुठे ठेवू?"

त्यांनी आम्हाला जायला सांगितलं.

त्यानंतर तो घराबाहेर पडेना. आईने मला फैलावर घेतलं, जसं काही मीच त्याला ओढून नेलं होतं. दोन महिन्यांनी एका दुपारी फोन वाजला, मामाने उचलला.

"चौदा तास गप्प बसणारा माणूस नव्हता तो," बाई म्हणाल्या. "काय काय बोलला?"

उभा असलेला मामा खाली बसला. "वहिनी, सगळं आठवेलच असं नाही."

"आठवेल तेवढं सांगा. पण मला 'निघालेत' सांगू नका."

मग दर गुरुवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, त्यांचा फोन यायचा. सांडलेल्या चहाबद्दल आचारी किती हळहळला, साहेब कप विसळत नाहीत म्हणून कसा कुरकुरला, हे मामाने सांगितलं. त्यावर बाई एकदा हसल्याही. कधी मध्येच फोन ठेवून द्यायच्या. एका गुरुवारी मामाने शेवटचं राहिलेलं सांगितलं. आचारी एकदा म्हणाला होता, खरं सांग. आणि तेव्हाही मामा खोटंच बोलला होता.

"त्याला पटलं?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, वहिनी."

पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. मामा दुपारभर फोनपाशीच बसून होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी आला.

चार वर्षांनी मामा गेला. हॉस्पिटलच्या मासिकात तोच फोटो आणि तीच गोष्ट आली. आचाऱ्याबद्दल दोन ओळी घाला म्हणून मी फोन केला. "छान लिहिलंय हो," तिकडचा कारकून म्हणाला, "आणि आता छापून झालंय."

बाई भेटायला घरी आल्या. आईने त्यांना मामाच्या खोलीत बसवलं. बऱ्याच वेळाने त्या मला म्हणाल्या, "मी त्यांना माफ केलं, असं कोणाला सांगू नकोस. मी फक्त ऐकून घेतलं."

मग त्यांनी परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं. मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडून आले.