नानांचा राग

पिंप्राळ्यातल्या आमच्या गिरणीवाल्या नानांना राग यायला कारण लागत नसे, दळण पुरे. मी धुळ्याहून लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी घर दाखवण्याआधी नानांविषयी सावध केलं. पहिल्याच दळणाला त्यांनी माझ्या डब्यातल्या ओलसर ज्वारीत हात घातला आणि गिरणी बंद करून ओरडले, "हाई जवारी नदीमाईन काढी का वं माय?" ते मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे राग अहिराणीतच निघे. मला तो माहेरचा वाटला आणि हसू आलं. तेव्हापासून ते माझ्यावर जरा जास्तच मायेनं ओरडू लागले.

नव्वद सालाच्या आसपासच्या एका हिवाळ्यात त्यांची बोटं गारठ्यानं पांढरीफटक पडायला लागली. गिरणीवाल्याच्या पांढऱ्या बोटांकडे कोण बघतो? आम्हाला ते पीठच वाटलं. पुढे वर्षभरात चेहऱ्याची कातडी आवळत गेली आणि कपाळावरच्या आठ्या नाहीशा झाल्या. नाना निवळले, अशी गल्लीत बोलवा झाली. बायका बिनदिक्कत ओली ज्वारी आणू लागल्या. नाना आक्रसलेल्या तोंडानं कळवळून सांगत, "माले राग येल शे! दिसत नही का?" खरंच दिसत नव्हता.

मग डोकं ठणकायला लागलं. ब्लडप्रेशर इतकं निघालं, की कंपाउंडरनं यंत्र बदलून पाहिलं. रागच भोवतोय, यावर सगळ्यांचं एकमत झालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि राग आवरायला सांगितलं. सासूबाईंनी गार दूध सुचवलं. अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, गिरणीची किल्लीच लपवली. नाना बिचारे आयुष्यात पहिल्यांदाच राग आवरून मुकाट बसले आणि प्रेशर चढतच राहिलं.

शेवटी अक्का आणि मी त्यांना धुळ्याला, माझ्या भावाच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी नानांच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली; ती उचललीच जाईना. रक्त, लघवी तपासून ते म्हणाले, "अक्का, हा कातडी आवळत नेणारा आजार आहे. आत मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्याही आवळल्यात, त्यानं प्रेशर चढलंय. रागाचा काही संबंध नाही. थोडं आधी आणायला हवं होतं."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. नानांनी मात्र शेवटचं वाक्य ऐकलंच नसावं. माझ्याकडे वळून म्हणाले, "आयकं का? राग मन्हा नही, किडनीना शे!" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्यावरून अर्थात काही कळत नव्हतं, डोळ्यांवरून कळलं.

नव्या गोळ्यांनी प्रेशर उतरलं, पण मूत्रपिंडं काही पुन्हा कामाला लागली नाहीत. डायलिसिससाठी त्यांना काही दिवस नाशिकला नेत होतो. मग त्यांनी तेही बंद करायला लावलं आणि गिरणीत खुर्ची टाकून बसले. आता कोणी आवरा म्हणत नव्हतं. तुंबलेला सगळा बठ्ठा राग त्यांनी गल्लीवर काढला, माझ्या वाट्याचाही दिला.

उन्हाळ्याआधी नाना गेले. अंगणात जमलेली माणसं म्हणत होती, चेहरा बघा किती शांत आहे. "शेवटी राग सोडला हो नानांनी," शेजारीण म्हणाली.

मला रडू आवरेना. नाना चांगले भडकले होते. आम्हाला ते याही वेळी दिसलं नाही, एवढंच.