टालावेराला हात हलवणारा नेव्हिल

माझा भाऊ नेव्हिल जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावत फिरला, पण स्वतःच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या अगदी जिवावर येतं. रोज सकाळी तो केलबर्नच्या टेकडीवरून रुळांवरच्या केबल कारने शहरात उतरतो, कॉफी पितो आणि परत येतो. येताना बंदराची खबर आणायचा: कुठली बोट लागली, पलीकडच्या डोंगरांवर ढग किती. गेल्या थंडीपासून ते बंद झालं.

"आज बोटी होत्या का रे?"

"लक्ष नव्हतं गं."

लक्ष कुठं होतं, ते मला ठाऊक. केबल कारचे दोन्ही लाल डबे एकाच दोराला बांधलेले; एक उतरतो तेव्हा दुसरा चढतो आणि मध्ये टालावेरा थांब्यावर दोघे शेजारी थांबतात. चढणाऱ्या डब्यात नोलीन असायची, वरच्या बागेत गुलाबांची निगा राखायला निघालेली. ती हात हलवायची, हा हलवायचा. झालं! तेवढ्यावर स्वारी दिवसभर शीळ घालायची. तिचं नावसुद्धा मीच शोधून आणलं.

मग बागेतल्या बायकांकडून कळलं, की शनिवारी नोलीन लेकीकडे, समुद्रापलीकडच्या नेल्सन शहराला चालली. कायमची.

नेव्हिलचा चेहरा एवढासा झाला. "आता गं, ग्वेंडा?"

"आता काय! उद्या आधी खाली जा आणि तिच्याच डब्यात बस. आणि तोंड उघड, मेल्या!"

शुक्रवारी अंगणातल्या फिजोआंची, त्या पेरूसारख्या हिरव्या फळांची, पिशवी भरून घेतली. या दिवसांत आमच्याकडे कुणीच रिकाम्या हाताने भेटायला जात नाही. दोघं लवकर उतरलो आणि तिचा नेहमीचा डबा धरला. नोलीन नव्हती. दार लागलं, डबा चढू लागला.

"गेली वाटतं," नेव्हिल म्हणाला. मला भडभडून आलं.

टालावेराला उतरणारा डबा शेजारी येऊन थांबला. त्यात नेव्हिलच्या नेहमीच्या जागेवर नोलीन! ह्याला गाठायला ही बया आधीच वर जाऊन बसली होती. मांडीवर पिशवी, तिच्यातही फिजोआच.

आणि दोघांनी काय केलं? सवयीने हात हलवले!

"उतर, ठोंब्या!" मी त्याला दारातून ढकललंच आणि पिशवी घेऊन मागोमाग उतरले. पलीकडे तीही उतरली. एक डबा वर गेला, दुसरा खाली. मध्ये उरले रूळ.

"मी तुम्हालाच भेटायला..." नोलीन ओरडली.

"मीही!" नेव्हिलही ओरडला. "नेल्सनला फिजोआ मिळतात का हो?"

"ढिगाने! शेजारी दारात टाकून पळतात."

"मग मी... रिकाम्या हाताने आलो तर चालेल?"

"या की. पण नुसता हात हलवायला येणार असाल, तर नका येऊ."

पुढचा डबा आला, गेला. दोघं तिथेच, रुळांच्या दोन बाजूंना, बोलतायत. मी पिशवी सांभाळत बसले. त्या दिवशी बोटी मीच बघितल्या.