कबुलीत न आलेलं वाक्य

मी वकील, आणि कोर्टात माझा आवाज मोठा. शिपायापासून सरकारी वकिलापर्यंत सगळे मला दबकून असतात, आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू? त्याच माजात मी एका माणसाचं वाटोळं केलं.

तो आमच्या विहाराच्या मागच्या गल्लीतला, पस्तिशीचा. बाप नगरपालिकेत सफाई कामगार होता, नोकरीत असतानाच वारला. वारसाहक्कानं ती जागा याला मिळायची होती. फाईल सरकू लागली होती, तेवढ्यात बसस्टँडवर कुणीतरी चाकूचा धाक दाखवून एकाची सोनसाखळी ओढली आणि पोलिसांनी याला उचललं. जबरी चोरीचं कलम. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुणी उभा राहिना. आठ महिने लातूरच्या जेलात काढले. मग गरिबांना मोफत वकील देण्याच्या सरकारी मदतीतून त्याची केस माझ्याकडं आली. त्याच्या आईला कोण आनंद झाला! आपलीच लेक वकील मिळाली, असं विहारात सांगत सुटली.

अशा केसेस निकाली काढायची आमच्याकडं एक रीत आहे. साक्षीपुरावे चालवायचे तर वर्षं जातात. त्यापेक्षा आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा द्या म्हणून न्यायाधीश साहेबांना विनवायचं, की संध्याकाळपर्यंत माणूस घरी. साहेबांची एक केस कमी होते, माझीही. व्हरांड्यात मी त्याला हेच समजावलं. तो एकच धरून बसला, की त्या दिवशी मी बिलोलीला बहिणीकडं होतो. मी वैतागले. म्हटलं, अरे बाबा, आईचं तोंड बघायचंय का आत सडायचंय? त्याच्या नोकरीचं मला माहीत होतं. पण त्या घाईत मी त्याचा विचारच केला नाही.

साहेबांनी दोषारोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. त्यानं हात जोडले.

"साहेब, मी तिथं न्हवतोच. पण ताई म्हणतेत तर कबूल हाय."

आरोपी जे बोलतो ते होईल तितकं त्याच्याच शब्दांत लिहायचं असतं, हे कायदा शिकलेलं कुणीही सांगेल. मी तिथं नव्हतोच म्हणणाऱ्याची कबुली ही कबुलीच नव्हे. तिथंच थांबून केस चालवायला हवी होती. साहेबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी त्याची बाही ओढली आणि म्हणाले, कबूल आहे, साहेब. टायपिस्टनं तेवढंच घेतलं, यानं खाली सही केली.

सुटला. त्याच्या आईनं घरी बोलावून मला गोडाचं जेवू घातलं, आणि मी पोटभर जेवलेही.

पुढं नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद आला. त्यावर जबरी चोरीतली शिक्षा आली आणि बापाची जागा गेली.

गुन्हा कबूल केला की अपिलाचं दार जवळजवळ बंदच होतं. लातूरच्या एका वकिलांनी त्याला सांगितलं, वरच्या कोर्टात जाता येईल, पण त्या दिवशी तू काय बोललास हे तुझ्या वकीलबाईंनी शपथेवर लिहून द्यायला हवं. तो माझ्याकडं आला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, मी काय बोललो ते तुम्हीच जवळून ऐकलंय. तेवढं लिहून द्या."

ते लिहायचं तर बाही ओढल्याचंही लिहावं लागणार होतं. माझी सनद, रोज त्याच साहेबांपुढं उभं राहणं, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी समोरची फाईल उगीच चाळली. म्हणाले, इतक्या केसेस असतात, मला आठवत नाही.

त्यानं मान डोलावली. मग नुसतं 'हाव' म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

हल्ली तो ठेकेदाराकडं रोजंदारीवर आहे, बापाच्याच गल्ल्या झाडतो. सकाळी कोर्टात जाताना दिसतो. मला बघून झाडू थांबवतो, धूळ उडू नये म्हणून, आणि जयभीम ताई म्हणतो. त्याचं ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.