चुकीला पहिला चहा

आमच्या मॅडम माणसांवर कधी ओरडल्या नाहीत. त्या यंत्रावर ओरडत. द्राक्षांवर फवारणीच्या औषधाचा अंश किती उरला, हे आमच्या लॅबमध्ये तपासतात. कोणी बाटलीवर चिठ्ठी लावायला विसरलं की मॅडम त्या महागड्या यंत्रासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. "काय रे, बिनचिठ्ठीची बाटली तुझ्यापर्यंत आलीच कशी? लाज नाही वाटत?" यंत्र गप्प. विसरणारा मागच्या मागे चिठ्ठी आणायला पळे.

मला हे पटत नसे. मी सातपूरच्या कामगाराच्या घरातली. आमच्याकडे पोह्यांच्या बशीखालीसुद्धा युनियनचं पत्रक असायचं. मी सरळ सुनावलं, "मॅडम, बोलायचं तर तोंडावर बोला. ही सरंजामी पद्धत झाली."

"बरं, पुढारी. काल फ्रीजचं दार तू उघडं टाकलंस."

मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम यंत्राला विचारत होत्या, "काय रे, पुढाऱ्यांचा बहिष्कार उठला का?"

त्यांचा दुसरा कायदा चहाचा. सकाळच्या किटलीतला पहिला कप स्वतःची चूक स्वतःहून सांगणाऱ्याला. आमचे दिंडोरीचे तंत्रज्ञ भाऊसाहेब चहासाठी चुका शोधून आणत. "मॅडम, काल मी स्टूल लय जोरात सरकवलं."

"ही चूक नाही भाऊसाहेब, ही लाच आहे. रांगेत या."

सगळे हसत. पण हसता हसता कोणीतरी खरी चूक सांगून टाके, आणि चुकीचा अहवाल बाहेर जायचा थांबे.

मग दसरा आला. खंडेनवमीला यंत्राची पूजा व्हायचीच. मी वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण ठोकलं. मॅडमनी मधला मार्ग काढला: नारळ फाटकाबाहेर, हळदकुंकू दाराला, यंत्राला फक्त माळ. भाऊसाहेबांनी घरच्या झेंडूची जाडजूड माळ घातली आणि आम्ही सुट्टीवर गेलो.

परत आलो ते लॅबची मान्यता तपासणारे परीक्षक यायच्या आदल्या दिवशी. मान्यता गेली तर द्राक्षांच्या हंगामात एकही नमुना येणार नव्हता, आणि आम्हा सगळ्यांना घरी बसावं लागणार होतं. सकाळी नेहमीप्रमाणे 'ब्लँक' लावला. ब्लँक म्हणजे ज्यात काहीच नाही असा नमुना; त्यात काही सापडलं तर दोष लॅबचा. त्यात चक्क कीटकनाशक सापडलं.

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "मॅडम, सकाळी माळ मीच काढली. त्याच हातांनी बाटल्या लावल्या."

"झेंडू फवारलेला होता?"

"म्हणजे काय! एक कीड दाखवा तुम्ही त्याच्यात!" अभिमानाने बोलून गेले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

मी अंधश्रद्धेवर तोंड उघडणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "पुढारी, माळेला परवानगी मी दिली होती. माझ्याविरुद्ध लिही." आणि पहिला कप भाऊसाहेबांच्या हातात दिला. तो तसाच खिडकीत ठेवून ते हात धुवायला पळाले.

ब्लँकची बातमी कळताच लॅबच्या मालकांचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांसमोर स्पीकरवर घेतला.

"या ब्लँकची नोंद पुसून टाका. पुन्हा लावा, चांगला येईल तो ठेवा."

"सर, मग एवढं यंत्र कशाला घेतलंत? छापखाना टाकायचा होता."

त्या दिवशी आम्ही बाटल्या, टेबलं, सगळं धुऊन काढलं. संध्याकाळी ब्लँक कोरा आला. तरीही दुसऱ्या दिवशी परीक्षक पायऱ्या चढतात न चढतात तोच मॅडमनी पहिल्या ब्लँकचा कागद त्यांच्यापुढे धरला. "साहेब, आधी आमची चूक बघा, मग नाश्ता."

परीक्षक दिवसभर बारकाईने फिरले. मान्यता राहिली. मॅडमची खुर्ची मात्र राहिली नाही. "स्वतःहून दाखवायची काय गरज होती?" एवढंच मालक विचारत राहिले, आणि हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांनी मॅडमना निरोप दिला.

मी रागाने पत्रक लिहिलं आणि सह्या गोळा करायला निघाले. मॅडमनी ते उभ्याउभ्या वाचलं. "जोरदार आहे. पण सही तुझी एकटीची ठेव. भाऊसाहेबांच्या घरी शाळेत जाणारी पोरं आहेत. संघटना करायची तर आधी कोणाला किती झेपेल ते बघायचं, पुढारी." त्या लासलगावच्या एका छोट्या माती परीक्षण केंद्रात रुजू झाल्या. माझं एका सहीचं पत्रक दुपारपर्यंत भिंतीवर टिकलं.

नवे साहेब शिस्तीचे आहेत. सकाळी आल्या आल्या विचारतात, "काल काही चुकलं का? कोणाचं?" सगळे जमिनीकडे बघतात. ते आल्यापासून आमच्या लॅबमध्ये एकही चूक झालेली नाही. मला रात्री झोप लागत नाही.