कठड्याकडचा कोपरा

थोरलीच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. शिवलेला सदरा घट्ट होतोय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला "शिलाई बरोबर आहे, तुम्ही वाढलात" असं तोंडावर सांगणारी बाई ती. पण नवऱ्यापासून एक गोष्ट मात्र तिने वर्षानुवर्षं लपवली होती.

वाटणी झाली तेव्हा दोघा भावांचं बोलणंही तुटलं. घराच्या मधोमध भिंत आली, गच्चीवर मात्र कमरेएवढा कठडाच राहिला. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने थोरली आणि तिची धाकटी जाऊ कोपऱ्यात कठड्याला टेकून मन मोकळं करायच्या. नवरे म्हणजे काय चीज, यावर दोघींचं एकमत होतं. जिन्यात थोरल्याचा खोकला ऐकू आला, की धाकटी चिमट्यांची टोपली उचलून पसार.

"वहिनी, दादांना खोकल्याचं औषध द्या हो," ती हसायची, "पण एवढ्यात नको!"

शिलाई मशीनची मोटर आणि इस्त्री यांनी विजेचं बिल फुगत चाललं, म्हणून सोलरचा हट्ट थोरलीनेच धरला. सोलरवाला गच्चीभर फिरला.

"टाकीची सावली पडते, त्यामुळे जागा दोनच. हा कठड्याकडचा कोपरा, नाहीतर जिन्याचं छप्पर. ऊन दोन्हीकडे सारखंच."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. "तू सांग. गच्ची तूच वापरतेस."

कोपरा नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. चोराच्या मनात चांदणं!

"मला काय, कुठेही बसवा," ती म्हणाली.

छपरावर चढायचा त्रास वाचला म्हणून सोलरवाल्याने कोपराच धरला. संध्याकाळपर्यंत कठड्याला लागून पॅनलच्या उंच पाठी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी धाकटीने आपली दोरी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला बांधली.

आपणच मुद्दाम कोपरा बंद केला असा तिचा गैरसमज झालाय, हे थोरलीला कळत होतं. समोरच्या दाराने जाऊन सांगावं, तर तिथे दोन्ही नवऱ्यांची नजर. आज जाऊ, उद्या जाऊ, करता करता राहूनच गेलं. मग एका दुपारी शेजारी टेम्पो लागला. घर विकून धाकटी मुलीच्या गावी निघाली होती. टेम्पोत बसताना तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी थोरली इस्त्री करता करता ढसाढसा रडली. "काय झालं?" म्हणून नवऱ्याने विचारलं, तेव्हा तिने सगळं ओकून टाकलं. आता ओरडा खायचीही तिची तयारी होती.

मग त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"म्हणूनच तर तुला विचारलं होतं ना, कुठे बसवू म्हणून? मी माझ्या तोंडाने कसं म्हणणार होतो?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मला खोकला कधी होता?"