मापाचं पाणी

माझी वहिनी चेनी बसवायची. पिशव्यांच्या, दप्तरांच्या, जाकिटांच्या. जिन्याखालच्या एवढ्याशा गाळ्यात एक मशीन, एक पक्कड आणि मेणबत्तीचा तुकडा, एवढाच तिचा पसारा. अडलेल्या चेनीवर मेण घासायची, रनर पकडीने हलकेच दाबायची आणि गिऱ्हाइकाला सुनवायची, "घ्या, झालं. आता बॅगेत घर कोंबू नका, म्हणजे टिकेल." गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं आणि परत तिच्याकडेच यायचं. रस्त्यात तिला कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांची ती चेनवाली.

तिच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी दादाच्याच घरी राहत होते. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. सुया, थकवा, आळणी जेवण, सगळं तिने सोसलं. तहान मात्र तिला सोसेना. पाणी शरीराबाहेर जायची वाटच बंद. प्यायलेलं आतच साठणार आणि फार साठलं तर छातीत चढणार. डॉक्टरांनी दिवसाला एक छोटी बाटली ठरवून दिली. औषधाचा घोट, चहा, सगळं त्यातच. दादाने बाटलीवर मार्करने रेघ मारली. पण दादा पडला मऊ. तिने नुसता चेहरा पाडला तरी हा विरघळायचा. म्हणून राखणीचं काम माझ्या गळ्यात आलं. मी मुळातच तिरसट, मला ते झकास जमलं. वहिनी मला इन्स्पेक्टरीणबाई म्हणायला लागली.

डायलिसिसच्या खोलीतल्या एका नर्सने तिला आपल्या कुंडीतलं एक रोप तोडून दिलं. गवतासारखी लांब पानं, मधोमध पांढरा पट्टा. नर्स म्हणाली, याला स्पायडर प्लांट म्हणतात. "स्पायडर कसला, सरळ सरळ गवत आहे," वहिनी म्हणाली आणि घरात त्याचं नाव गवतच पडलं. कुंडी खिडकीत ठेवली, थेट ऊन लागणार नाही अशी.

त्या पावसाळ्यात वहिनीने एक उद्योग आरंभला. तिला तहान लागली की ती गवताला पाणी घालायची. "मला नाही तर नाही, कुणीतरी पितंय हे बघू तरी दे," म्हणायची आणि मातीत पाणी मुरताना टक लावून बघत बसायची. मला ते बघवायचं नाही. हवा आधीच ओलसर, त्यात दिवसभर हा मारा. पानं बुडापासून पिवळी पडून लिबलिबीत झाली.

"लाड करून मारशील त्याला," मी म्हटलं आणि कुंडी उचलून कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडे नेली. वहिनीही मागोमाग आली. त्याने रोप उपटून मुळं दाखवली. जाड, पांढरी, रसाने भरलेली. काही कुजून तपकिरी झालेली. कुजलेली त्याने कापून टाकली.

"हे झाड मुळांत पाणी साठवून ठेवतं, ताई," तो म्हणाला. "मातीत बोट घाला. दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी लागेल, पावसाळ्यात कधीमधी, आणि थंडीत विसरलात तरी रागावणार नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग घाला, नाहीतर टोकं करपतात."

"म्हणजे याच्याही पोटात पाणी साठतं तर!" वहिनी म्हणाली आणि भर रस्त्यात खो खो हसली. मला हसू आलं नाही.

तेव्हापासून ती गवताची इन्स्पेक्टरीण झाली. बोट घालून बघायची आणि दटावायची, "थांब, अजून ओलं आहे. उगाच हावरटपणा नको." शब्द माझेच, आवाजही माझाच. थंडीत दोघांचीही तहान कमी झाली. गवताला लांब दांडे फुटून त्यांच्या टोकांना पिल्लं लोंबायला लागली. वहिनी परत थोडा वेळ गाळ्यात बसू लागली आणि मला वाटलं, आता बसली सगळ्याची घडी.

मग उन्हाळा आला. दादा रोज रात्री झारी भरून खिडकीत उघडी ठेवायचा आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ती रिकामी व्हायची. उन्हाळा आहे, लागतंच एवढं, असं आम्ही धरून चाललो. पण वहिनीचे पाय सुजायला लागले. दर डायलिसिसला वजन जास्त भरायचं आणि डॉक्टर ओरडायचे. बाटली तर रेघेला धरून होती, ती मी जातीने बघत होते. माझा संशय दादावर गेला. मी त्याला नको नको ते बोलले. तो बिचारा नुसता मान हलवत राहिला.

एका सुट्टीच्या दुपारी खिडकीचा पडदा सारताना माझं गवताकडे लक्ष गेलं. पानं फिकी पडून मधोमध दुमडली होती, टोकं वाळली होती. मातीत बोट घातलं. माती खाली तळापर्यंत भुसभुशीत कोरडी. शेजारी झारी होती आणि ती रिकामी होती.

वहिनी पलंगावर एका दप्तराची चेन उसवत बसली होती. "गवताला पाणी घातलंस?" मी विचारलं.

"घातलं की सकाळी."

मी कोरडी माती लागलेलं बोट तिच्यासमोर धरलं. तिने कात्री खाली ठेवली.

"एकदा तरी गटागटा प्यावंसं वाटतं गं," ती म्हणाली. "घोट घोट मोजून जीव विटला माझा. त्याच्या तोंडचं काढून प्यायले मी."

"आणि मेलीस म्हणजे?" मी किंचाळलेच.

"मला चोर म्हण," ती अगदी हळू म्हणाली. "पण मरायला निघालेली म्हणू नकोस. मला मरायचं नाहीये. मला जगायचंय."

मला रडू कोसळलं. राग तिच्यावर नव्हता, त्या रोगावर होता, आणि त्याला शिव्या घालून काही उपयोग नव्हता. आम्ही दोघींनी कुंडी पाण्याच्या टबात ठेवली, कारण इतकी वाळलेली माती वरून घातलेलं पाणी धरत नाही. संध्याकाळपर्यंत पानं उघडली. त्या दिवसापासून झारी माझ्या खोलीत राहिली आणि वहिनीने रेघ ओलांडली नाही. उरलेला उन्हाळा तिने कसा काढला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ओठांना ओला कापूस लावून बसायची आणि गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करायची.

पण पुढच्या थंडीत तिच्या हृदयाने दगा दिला. डायलिसिस चालू असताना रक्तदाब कोसळायचा, मशीन अर्ध्यावर थांबवावं लागायचं. एके दिवशी डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. "आता मशीन त्यांना झेपणार नाही," ते म्हणाले. "घरी न्या. मागतील ते द्या. पाणीही मोजू नका."

घरी आल्याआल्या दादाने सगळ्यात मोठा पेला काठोकाठ भरला. तिला एवढं तरी सुख द्यावं, दुसरं काही त्याला सुचतच नव्हतं. त्याने पेला तिच्या ओठांपाशी नेला. तिने पाण्याकडे बघितलं, मग आमच्या तोंडांकडे.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, आता हवं तेवढं पिऊ दे," दादाने सांगितलं.

तिला कळलं. तिने पेला हाताने दूर केला, थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"मला नको ते. अहो, माझी बाटली भरा. रेघेपर्यंत."

दादा पेला धरून तसाच उभा.

"भरा ना!"

दादाने बाटली भरली. डोळ्यांसमोर धरून पाणी रेघेला लागलंय ना ते बघितलं. वहिनीने एक घोट घेतला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली उशाशी ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू अशी का उभी राहिलीस? बस इथे. लक्ष ठेव माझ्यावर."

मी बसले आणि लक्ष ठेवलं.